लाळेचा झरा आणि त्यामागील संदेशयंत्रणा

जनावराच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबू लागल्या की अहिल्यानगर जिल्ह्यातील पशुपालकाला पहिली शंका येते ती लाळ्या-खुरकताची. या रोगाचे नावच लाळेवरून पडले आहे. तोंडात फोड येऊन फुटतात, गिळणे असह्य होते आणि लाळ बाहेर वाहू लागते. त्याच गावात फवारणी करून घरी परतलेल्या एखाद्या शेतमजुराच्या तोंडाला फेस येतो, डोळ्यांतून पाणी वाहते, दरदरून घाम सुटतो. तेथे लाळ हे विषबाधेचे लक्षण ठरते. आणखी एखाद्या घरात वृद्धेला भाकरीचा घास पाण्याच्या घोटाशिवाय खाली उतरत नाही. वय झाले, असे म्हणून तीही गप्प बसते आणि घरचेही. तिन्ही ठिकाणी प्रश्न लाळेचाच, परंतु बिघाडाची जागा वेगवेगळी. ती जागा ओळखायची तर लाळ कोणाच्या आज्ञेने सुटते आणि ती आज्ञा ग्रंथीतील पेशीपर्यंत कशी पोहोचते, हे पाहावे लागते.

माणसाच्या तोंडाला लाळ पुरविणाऱ्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या आहेत. कानापुढे व कानाखाली असलेली जोडी सर्वांत मोठी. गालगुंडात सुजते ती हीच. दुसरी जोडी खालच्या जबड्याच्या आतील बाजूस आणि तिसरी जिभेखाली असते. याशिवाय ओठ, गाल व टाळू यांच्या अस्तरात शेकडो बारीक ग्रंथी विखुरलेल्या असतात. या सर्वांची मिळून दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. तिच्यात ९९ टक्के पाणी असते. उरलेल्या एका टक्क्यात पिष्टमय पदार्थांचे पचन सुरू करणारे टायलिन, म्हणजेच आजच्या परिभाषेतील अमायलेज, घास बुळबुळीत करणारी द्रव्ये, जंतूंना आवर घालणारी प्रथिने, दातांच्या कवचाची झीज भरून काढणारे कॅल्शियम व फॉस्फेट आणि आम्लता मारणारे बायकार्बोनेट इतके सारे सामावलेले असते. झोपेत हा झरा जवळजवळ आटतो. रात्री दात स्वच्छ करून झोपावे, असे दंतवैद्य आग्रहाने सांगतात, त्याचे हे एक सबळ कारण होय.

आज्ञा मज्जातंतूंची

जठर व स्वादुपिंड यांच्या पाचकरसांवर संप्रेरकांचा मोठा अंमल चालतो. लाळेचे तसे नाही. घास तोंडात राहतो तो थोडाच वेळ. तेवढ्यात रक्तावाटे निरोप येण्याची वाट पाहणे परवडणारे नसते. म्हणून लाळ या क्षणी सुटावी की नाही, हे मज्जातंतू ठरवितात. सुटलेल्या लाळेत क्षार किती असावेत, ग्रंथीची वाढ व कार्यक्षमता कशी टिकावी, यांवर मात्र संप्रेरकांची सत्ता असते.

जर्मन शरीरशास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी १८५० च्या सुमारास जबड्याखालील ग्रंथीकडे जाणारा मज्जातंतू उद्दीपित करून लाळ वाहविली. त्या वेळी नलिकेतील लाळेचा दाब रक्ताच्या दाबापेक्षाही अधिक भरू शकतो, असे त्यांना आढळले. लाळ म्हणजे गाळून आलेले रक्तजल नसून ग्रंथी ती स्वतःच्या श्रमाने बाहेर ढकलते, हे त्यावरून सिद्ध झाले. पुढे रशियातील इव्हान पावलॉव्ह यांनी अन्नाशी जोडलेल्या नुसत्या खुणेनेही कुत्र्याला लाळ सुटते, हे दाखवून दिले. पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल १९०४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मराठी वाचकाला या प्रयोगाची प्रचीती घेण्यासाठी कुत्र्याची गरज नाही. चिंच हा शब्द पुरेसा आहे.

ग्रंथीकडे येणारे मज्जातंतू दोन प्रकारचे असतात. परानुकंपी तंतूंच्या आज्ञेने पातळ व भरपूर लाळ सुटते. अनुकंपी तंतूंच्या आज्ञेने थोडी, घट्ट आणि प्रथिनयुक्त लाळ येते. भीतीच्या प्रसंगी तोंडाला कोरड पडते, कारण मेंदूच लाळकेंद्रांना आवर घालतो. आपल्याकडील जुन्या न्यायपद्धतीत चोरीचा संशय असलेल्या माणसाला तांदूळ चावून थुंकायला लावीत. त्याला तंडुल-दिव्य म्हणत. भ्यालेल्या माणसाच्या तोंडात तांदूळ कोरडेच राहणार, हे त्यामागचे शरीरशास्त्र असावे. अडचण एवढीच की निरपराध माणूसही भितो.

पेशीच्या दाराशी

मज्जातंतूचे टोक लाळपेशीला जोडलेले नसते. दोहोंमध्ये सूक्ष्म अंतर असते आणि ते अंतर ॲसिटिलकोलिन नावाचे रासायनिक द्रव्य ओलांडते. मज्जातंतू आपला निरोप रसायनाच्या रूपाने धाडतात, हे ऑटो लोवी यांनी १९२१ साली बेडकाच्या हृदयावरील प्रयोगाने दाखविले. १९३६ साली त्यांना व हेन्री डेल यांना नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

हे द्रव्य पेशीच्या आत शिरत नाही. पेशीच्या आवरणावर ग्राही नावाचे प्रथिन असते. कुलपात किल्ली बसावी तसे ॲसिटिलकोलिन त्यात बसते आणि निरोप दाराशीच संपतो. आतील कामासाठी दुसरा दूत लागतो. हा दुसरा दूत कोण, याचा शोध केंब्रिज येथील मायकेल बेरिज यांनी घेतला आणि त्यासाठी त्यांनी निवडल्या त्या एका माशीच्या लाळग्रंथी. केसासारख्या बारीक नळीच्या या ग्रंथीवर सेरोटोनिनचा थेंब पडला की ती पाझरू लागते, म्हणून प्रयोगाला ती फार सोयीची. या कामातून असे दिसले की, ग्राही उद्दीपित झाला म्हणजे पेशीच्या आवरणातील एका स्निग्ध द्रव्याचे विघटन होते आणि त्यातून आयपी-३ नावाचा छोटा रेणू सुटतो. पेशीच्या आत कॅल्शियमची राखीव कोठारे असतात, त्यांची दारे हा रेणू उघडतो. स्वादुपिंडाच्या पेशींत आयपी-३ मुळे कॅल्शियम मोकळे होते, हे बेरिज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली सिद्ध केले. माणसाच्या लाळग्रंथीतही हीच वाट आहे.

कॅल्शियम मोकळे झाले की पेशीच्या नलिकेकडील बाजूस क्लोराइडच्या खिडक्या उघडतात. क्लोराइड बाहेर पडते, त्यामागोमाग पेशींच्या फटींतून सोडियम येते. दोन्ही मिळून मीठ झाले, आणि मिठाच्या ओढीने पाणी आले. लोणच्यासाठी चिरलेल्या कैरीला मीठ चोळून ठेवले म्हणजे तिला पाणी सुटते, तसाच हा प्रकार. पाण्याला पेशीतून जाण्यासाठी खास जलमार्ग असतात. त्यांना ॲक्वापोरिन म्हणतात. लाळग्रंथीतील पाचव्या क्रमांकाचा जलमार्ग १९९५ साली उंदराच्या जबड्याखालील ग्रंथीत सापडला. जलमार्गांचा मूळ शोध लावणारे पीटर ॲग्रे यांना २००३ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

अनुकंपी तंतूंचा निरोप वेगळ्या दूतामार्फत आत जातो. त्याचे नाव चक्रीय एएमपी. हा दूत शोधणारे अर्ल सदरलँड १९७१ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी होत. या निरोपाने पेशीत साठवून ठेवलेल्या प्रथिनांच्या पुड्या नलिकेत रित्या होतात आणि लाळेत अमायलेज येते. थोडक्यात, पाण्याची आज्ञा मुख्यतः कॅल्शियम पाळते आणि प्रथिनांची चक्रीय एएमपी. दोन्ही आज्ञा एकदम आल्या तर एकीने दुसरीला जोर येतो.

बांधावरचा धोतरा आणि कपाटातील कीटकनाशक

निरोप देणे जितके महत्त्वाचे तितकेच तो पुसणेही. ॲसिटिलकोलिनचे काम होताच एक विकर त्याचे क्षणार्धात तुकडे करते. फळ्यावरचे पुसल्याशिवाय पुढचे लिहिता येत नाही. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरिफॉस यांसारखी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके नेमके हेच विकर निकामी करतात. किडीचा मज्जासंस्थेतील निरोप पुसला जात नाही म्हणून कीड मरते. परंतु माणसाच्या शरीरातही हेच विकर आहे. पाठीवरच्या पंपातून गळणारे द्रावण कपड्यांतून त्वचेत मुरते, तुषार श्वासावाटे जातात, आणि निरोप साचू लागतो. तोंडातून लाळ गळते, डोळ्यांतून पाणी, अंगाला घाम, पोटात कळ येऊन जुलाब, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. सर्वांत घातक म्हणजे फुप्फुसांच्या नळ्यांतही हाच पाझर सुरू होतो आणि रुग्ण आपल्याच स्रावात गुदमरतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीच्या हंगामात विसाहून अधिक शेतकरी व शेतमजूर विषबाधेने दगावले. ऊस, डाळिंब, कांदा, कपाशी अशी अनेक पिके घेणाऱ्या अहिल्यानगर जिल्ह्यालाही तो इशारा लागू पडतो.

बांधावर उगवणाऱ्या धोतऱ्याचा परिणाम याच्या नेमका उलट. धोतऱ्यात ॲट्रोपिन व त्याच्या जातीची द्रव्ये असतात. ती ग्राहीच्या कुलपात बसून राहतात, पण कुलूप उघडत नाहीत. धोतऱ्याचे बी पोटात गेलेल्या माणसाचे तोंड कोरडे ठणठणीत पडते, बाहुल्या मोठ्या होतात, अंग तापते आणि तो असंबद्ध बडबडू लागतो. एकाच कुलपाशी कीटकनाशक निरोपांची गर्दी करते आणि धोतरा दार अडवतो. म्हणूनच कीटकनाशकाच्या विषबाधेत डॉक्टर ॲट्रोपिनचे इंजेक्शन देतात आणि छातीतील स्राव सुकेपर्यंत ते देत राहतात. पुष्कळदा त्यासाठी नेहमीपेक्षा कितीतरी मोठी मात्रा लागते. मात्र स्नायूंची दुर्बलता त्याने जात नाही, कारण स्नायूंवरील कुलपे वेगळ्या घडणीची असतात. श्वसनाचे स्नायू थकले तर कृत्रिम श्वासोच्छ्वासाची सोय लागते, ती रुग्णालयातच मिळते.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. धोतऱ्याचा रस हा या विषावरचा उतारा नव्हे. झाडागणिक त्यातील विषाचे प्रमाण बदलते, त्यामुळे एका विषबाधेवर दुसरीची भर पडण्याचा धोका असतो. फवारणीनंतर लाळ गळणे, मळमळ, अंधुक दिसणे यांपैकी काहीही झाल्यास त्या माणसाला शेतातून हलवावे, भिजलेले कपडे उतरवावेत, अंग साबण व भरपूर पाण्याने धुवावे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. धुणाऱ्याने आपल्या हातांना ते औषध लागू देऊ नये. उलटी करविण्याचा प्रयत्न करू नये. कीटकनाशकाचा डबा किंवा निदान त्यावरील चिठ्ठी डॉक्टरांना दाखवावी. विष कोणते हे कळण्यात गेलेला वेळ त्यामुळे वाचतो.

संप्रेरकांची सत्ता

ग्रंथीच्या पेशीतून निघालेली लाळ प्रथम रक्ताइतकीच खारट असते. नलिकांतून पुढे सरकताना नलिकेच्या भिंती तिच्यातील सोडियम व क्लोराइड परत ओढून घेतात आणि पोटॅशियम व बायकार्बोनेट सोडतात. पाणी मात्र परत घेतले जात नाही. परिणामी तोंडात येणारी लाळ बेचव व अळणी असते. भाजीत मीठ किंचित कमी पडले तरी जिभेला ते कळते, याचे श्रेय बऱ्याच अंशी या अळणी लाळेला द्यावे लागेल.

मीठ किती परत घ्यायचे, हे अधिवृक्क ग्रंथीतून येणारे अल्डोस्टेरोन हे संप्रेरक सांगते. मूत्रपिंडे व घामाच्या ग्रंथी यांनाही तेच संप्रेरक हुकूम देते. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून ऊसतोडीला जाणारे मजूर दिवसभर उन्हात राबतात. घामावाटे शरीरातील मीठ जाते, तसतसे अल्डोस्टेरोन वाढते, आणि लाळेतील सोडियम घटून पोटॅशियम वाढते. हे संप्रेरक नलिकेच्या पेशीत शिरून सोडियमचे नवे मार्ग तयार करवते, त्यामुळे त्याचा परिणाम दिसायला मज्जातंतूच्या आज्ञेप्रमाणे क्षण नव्हे, तास लागतात.

पाणीच कमी पडले तर सारा झरा आक्रसतो. कोरडे तोंड हीच तहानेची एक हाक होय. जुलाब झालेल्या बालकाची जीभ व तोंड कोरडे दिसणे हे शरीरातील पाणी घटल्याचे लक्षण असून, ते ओळखायला उपकरण लागत नाही. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेड येथे सुरू केलेल्या सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्पात गावातील साध्या, पुष्कळदा निरक्षर स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्यात आले. साखर-मीठ-पाणी वेळेवर पाजणे हा त्यांच्या शिकवणीचा एक भाग होता.

लाळग्रंथी नुसती हुकमाची ताबेदार नसते. नर उंदराच्या जबड्याखालील ग्रंथीत मादीपेक्षा कितीतरी अधिक वाढघटक साठलेले असतात, कारण पुरुष-संप्रेरक त्यांची निर्मिती वाढविते. रीटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना ज्या वाढघटकांच्या शोधाबद्दल १९८६ साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांच्या अभ्यासाला विपुल साहित्य याच ग्रंथीने पुरविले.

गोठ्यातील लाळ

माणसाच्या दीड लिटरची मात्तबरी गाईपुढे राहत नाही. मोठी दुभती गाय दिवसाला १०० ते १५० लिटर लाळ निर्माण करते आणि जवळजवळ सगळी गिळते. तिच्या लाळेत पिष्ट पचविणारे विकर नसल्यातच जमा आहे. तिचे काम निराळेच आहे. पहिल्या पोटात असंख्य सूक्ष्मजीव चारा आंबवीत असतात. त्यातून आम्ले तयार होतात. ही आम्ले मारायला बायकार्बोनेट व फॉस्फेट यांनी भरलेली लाळ सतत उतरावी लागते. म्हणून गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांची कानाखालील ग्रंथी आज्ञेची वाट न पाहता अहोरात्र पाझरत राहते. मज्जातंतू तोडले तरी तिचा संथ पाझर चालू राहतो, असे मेंढ्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. चारा चावताना आणि रवंथ करताना मात्र मज्जातंतूंच्या आज्ञेने हा प्रवाह खूपच वाढतो.

येथेच पशुपालकाचा हिशेब सुरू होतो. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाने होल्स्टीन फ्रीजियन, जर्सी आणि गीर या तीन जातींच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ ही गाय तयार केली. अशा संकरित गाईंनी जिल्ह्याच्या दूधधंद्याचे रूप पालटले. दूध वाढले तसा खुराकही वाढला. भरडा, पेंड व दाणे झटपट आंबतात आणि आम्ल वाढवितात. त्यांना फार चावावे लागत नाही, म्हणून लाळही कमी सुटते. एकीकडे आम्लाची भर आणि दुसरीकडे उताऱ्याची तूट, असा दुहेरी तोटा होतो. कडबा अगदी बारीक कुट्टी करून घातला तरी रवंथ घटते. लग्नकार्यातील उरलेला भात, पोळ्या, गोडधोड टोपलीभर जनावरापुढे ओतले तर एका रात्रीत पोट आम्लाने भरते, गाय रवंथ थांबवते, खाली बसते आणि प्रसंगी दगावते. अन्न वाया जाऊ नये ही भावना चांगली, परंतु गाईचे पोट त्यासाठी घडलेले नाही. लांब धाग्याचा चारा रोज पोटात जाणे, खुराक एकदम न घालता विभागून देणे आणि नवा खुराक हळूहळू वाढविणे, हाच लाळेचा पुरवठा राखण्याचा मार्ग. खाण्याचा सोडा आंबोणात मिसळण्याची पद्धत आहे. बाहेरून दिलेले ते बायकार्बोनेटच होय, पण मात्रा पशुवैद्यकाला विचारूनच ठरवावी.

मिठाचे महत्त्वही यातूनच कळते. बहुतेक चाऱ्यात सोडियम थोडे आणि पोटॅशियम भरपूर असते. मेलबर्न येथील शास्त्रज्ञ डेरेक डेंटन यांनी मेंढीच्या गालग्रंथीची लाळ शरीराबाहेर वळविली. काही दिवसांत तिच्या लाळेतील सोडियम उतरले व त्या जागी पोटॅशियम चढले. मीठ समोर ठेवताच मेंढी त्याच्यावर तुटून पडे. अल्डोस्टेरोनने लाळेवर चालविलेला अंमल या प्रयोगमालेतून स्पष्ट झाला. जनावर भिंती चाटते, दुसऱ्या जनावराचे मूत्र पिते, तेव्हा ते खोडी करीत नसून मीठ शोधीत असण्याचा संभव असतो. गव्हाणीत चाटण-वीट टांगण्याला शास्त्राचा आधार आहे तो हा.

कोरड्या तोंडाचा तपास

आता त्या वृद्धेकडे वळू. केवळ वयाने लाळ आटत नाही. निरोगी वृद्धांतही चावताना पुरेशी लाळ सुटते. कोरडेपणाचे सर्वांत नेहमीचे कारण तिच्या औषधांच्या पिशवीत सापडते. सर्दी-खाजेच्या अनेक गोळ्या, नैराश्यावरील ॲमिट्रिप्टिलिनसारखी औषधे, लघवीवर ताबा राहण्यासाठी दिली जाणारी काही औषधे ही धोतऱ्याप्रमाणेच ग्राहीचे कुलूप अडवितात. रक्तदाबासाठी दिलेल्या लघवी वाढविणाऱ्या गोळ्या शरीरातील पाणीच कमी करतात. मधुमेह ताब्यात नसेल तर लघवीवाटे पाणी जाते, आणि दीर्घकाळच्या मधुमेहात ग्रंथीकडे येणारे मज्जातंतूही क्षीण होतात. अवटू ग्रंथीचे संप्रेरक कमी पडले तर लाळ घटू शकते. पाळी थांबल्यानंतर अनेक स्त्रिया तोंडाला कोरड व आग होत असल्याचे सांगतात, त्यामागे इस्ट्रोजेन घटण्याचा हात असतो असे मानले जाते.

काही रुग्णांत, विशेषतः मध्यम वयाच्या स्त्रियांत, शरीराची संरक्षक यंत्रणाच लाळ व अश्रू ग्रंथींवर उलटते. स्वीडनचे नेत्रवैद्य हेन्रिक शोग्रेन यांच्या नावाने हा विकार ओळखला जातो. त्यांनी १९३३ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. तंबाखू व मिश्री यांच्या व्यसनातून होणाऱ्या मुखकर्करोगावर किरणोपचार करताना लाळपेशी भाजून निघतात. पेशी मेल्या तर मज्जातंतूची आज्ञा ऐकायला कोणी उरत नाही. थोड्याफार पेशी शिल्लक असतील तर ब्राझीलमधील एका झुडपापासून मिळणारे पायलोकार्पिन उपयोगी पडते. धोतरा जे कुलूप अडवतो, तेच हे औषध उघडते. मात्र दमा, हृदयविकार व काही नेत्रविकार असलेल्यांना ते चालत नाही.

लाळ कमी पडली की पहिला फटका दातांना बसतो. मुळांपाशी कीड लागते, तोंडात पांढरी बुरशी धरते, कवळी टोचू लागते. लोणी येथील प्रवरा वैद्यकीय संस्थेत वैद्यकीय व दंतवैद्यक अशी दोन्ही महाविद्यालये एकाच आवारात असल्याने असा तपास एका खेपेत होऊ शकतो. ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरही प्राथमिक तपासणी करून साखर व अवटू ग्रंथीची रक्ततपासणी करवू शकतात. जाताना घरी चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे, दुकानातून आपल्या मनाने आणलेलीसुद्धा, बरोबर न्यावीत. कोणतीही गोळी आपण होऊन बंद करू नये. पुष्कळदा डॉक्टर मात्रा घटवून किंवा औषध बदलून पाहतात, आणि एवढ्यानेच भाकरीचा घास पुन्हा पाण्यावाचून उतरू लागतो.